‘खंडणी’ कोणाला भरली? मार्क १०:४५ गावच्या वर्गात कसं शिकवायचं

शेवटचा_बाक
जय ख्रिस्त मंडळी. दृढीकरणाच्या (मंडळीचे पक्के सभासद होण्याच्या) वर्गासाठी ‘उद्धार’ हा पाठ बसवायचा आहे. मुलं १४ ते १७ वयाची, बहुतेक कपाशी-सोयाबीनच्या घरांतली. वेळ सव्वा तास. अडचण शब्दापासूनच आहे. मार्क १०:४५ मध्ये आपल्या मराठी बायबलात येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. आजच्या पोरांच्या कानात खंडणी म्हणजे पेपरातली: व्यापाऱ्याला फोन, धमकी, पैशाची पिशवी. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला की धमकी कोणी दिली आणि पिशवी कोणाकडे गेली? सैतानाकडे म्हणावं तर तो देवाचा सावकार ठरतो. पित्याकडे म्हणावं तर पिताच गुंड ठरतो. शब्द बदलावा, की शब्द ठेवून उदाहरण बदलावं? आणि ‘कोणाला’ याचं उत्तर द्यावं की नाही?

वर्धाकाठ
शब्द ठेवा, पण आधी त्याचा जुना अर्थ सांगा. मराठेशाहीत खंडणी म्हणजे ठरवून, एकरकमी भरायची रक्कम. ती भरली की गाव किंवा पेठ लुटीतून सुटायची. दडपण त्यातही होतं, पण ‘रक्कम भरली, माणसं सुटली’ हे शब्दाच्या गाभ्यात आहे आणि भाषांतराला तेच हवं होतं.

मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रॉन’. गुलाम किंवा युद्धकैदी सोडवताना मोजायची किंमत. नव्या करारात हा नेमका शब्द दोनच जागी येतो, मत्तय २०:२८ आणि मार्क १०:४५, आणि दोन्हीकडे एकच वाक्य आहे. पौलाच्या पत्रांत जास्त करून ‘अपोलुत्रोसिस’ येतो. तो सगळ्या नव्या करारात १० वेळा आहे, आणि दर वेळी त्यात किंमत असतेच असं नाही. इब्री ११:३५ मध्ये छळ सोसणाऱ्यांनी सुटका नाकारली, तिथे नुसतं ‘सुटका’. म्हणून ‘उद्धार’ दिसला की लगेच ‘किती रुपये’ विचारायचं नाही.

त्याच्या मागे हिब्रूतले तीन शब्द उभे आहेत. ‘गाअल’ म्हणजे नातलगाने आपला माणूस किंवा आपलं शेत सोडवणं. ‘पादा’ म्हणजे बदली देऊन सोडवणं, यात नातं असलंच पाहिजे असं नाही. ‘कोफेर’ म्हणजे जिवाच्या बदली भरायची रक्कम. पाठ बिघडतो तो हे तिन्ही एका दमात ‘उद्धार’ म्हणून सांगितल्यामुळे.

पऱ्हाटी
भाऊ, ‘खंडणी’चं घेऊन बसले, ‘तारण’ची बी तेच गत हाय. चर्चच्या भिंतीवर ‘तारण’ आन् बाजूच्या पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोने तारण कर्ज’. बाजार समितीत शेतमाल तारण योजना हाय, सोयाबीन-तूर गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, १८० दिवसांत फेडा. आता पोराले ‘येशू तुमचं तारण’ म्हनलं तं त्याले गोदामच दिसंन ना! आधी हे सांगा का तारण म्हंजे तारणं, बुडत्याले काढणं, आन् बँकेतलं तारण म्हंजे ठेवलेली वस्तू. दोन येगयेगळे अर्थ हाय, फक्त बोलायले सारखे.

आमच्या इकडं सरळ शब्द हाय, ‘सोडवणं’. गहाण सोडवलं, बैल सोडवला, माणूस सोडवला. कोणाले इचारायची गरज पडत नाई.

वर्धाकाठ
‘सोडवणं’ला माझं पूर्ण अनुमोदन. ‘गाअल’ला मराठीत याहून जवळचा शब्द नाही.

जुनी_पोथी
‘उद्धार’ शब्दाबद्दल एक भर. वऱ्हाडात या शब्दाला आपल्या आधीचं वजन आहे. रिद्धपूर इथून जवळच, आणि महानुभाव परंपरेत परमेश्वर अवतार घेतो तो जीवांच्या उद्धारासाठी. तिथे उद्धार म्हणजे जीव संसारातून वर काढणं. त्यात मोबदला भरण्याची कल्पना नाही. तसंच ‘मुक्ती’ म्हटलं की ऐकणाऱ्याला जन्ममरणाचा फेरा सुटणं आठवतं. आपल्या भाषांतरात इफिसकर १:७ ला नुसतं ‘मुक्ती’ न म्हणता ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ असं लांबट का म्हटलंय ते यावरून कळतं. भोवतालच्या अर्थापासून शब्द वेगळा काढायचा असावा. भोवतालचे शब्द उचलणं मात्र नवं नाही. थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचं, ओवीत, आणि त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय.

रविवारशाळा_ताई
शेवटचा बाक दादा, मुलांना आकडे द्या, आकड्यांना मुलं चिकटतात. बायबलातल्या ‘गणना’ पुस्तकाचा ३ रा अध्याय चांगला चालतो. इस्राएलात एक महिन्याच्या वरचे प्रथमजन्मलेले पुत्र २२,२७३. त्यांच्या जागी देवाने लेवी (देवाच्या सेवेला नेमलेला वंश) घेतले, ते २२,०००. माणसामागे माणूस. उरले २७३. त्यांच्यासाठी माणशी ५ शेकेल, म्हणजे २७३ गुणिले ५, १,३६५ शेकेल, आणि ते अहरोन व त्याच्या मुलांना दिले.

शेकेल म्हणजे किती हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. यहूदातल्या जुन्या दगडी वजनांवरून तो सुमारे ११.३ ते ११.४ ग्रॅम भरतो. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे शेकेल जवळपास तोळाभर चांदी. एका मुलामागे पाच तोळे, आणि सगळे मिळून साडेपंधरा किलोच्या आसपास.

हुशार मूल वह्या काढून बेरीज करेल, तयार राहा. त्याच अध्यायात लेव्यांची तीन कुळं ७,५०० + ८,६०० + ६,२०० अशी आहेत. बेरीज २२,३०० येते, २२,००० नाही. बरेच अभ्यासक कहाथाच्या ८,६०० मध्ये नकलेची चूक मानतात. हिब्रूत ‘तीन’ आणि ‘सहा’ या शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, तिथे ८,३०० धरले की बेरीज जुळते. हे आपणहून काढू नका, विचारलं तरच सांगा.

शेवटचा_बाक
ताई, हे छान आहे. पण येशूला मंदिरात नेलं तेव्हा पाच शेकेल दिले का? लूक २ मध्ये पक्षी आहेत.

रविवारशाळा_ताई
ते दोन वेगळे विधी आहेत आणि इथेच बहुतेक पाठ घसरतात. पक्षी आईच्या शुद्धीकरणाचे, लेवीय १२ प्रमाणे. मुलगा झाला तर ७ आणि ३३ मिळून ४० दिवस, मग एक वर्षाचं कोकरू आणि एक पक्षी. ऐपत नसेल तर दोन पक्षी. पहिल्या मुलाचे ५ शेकेल एक महिन्यानंतर, गणना १८:१६. लूक पक्ष्यांचा उल्लेख करतो, पाच शेकेलांचा करत नाही. ‘येशूला दोन पारव्यांवर सोडवलं’ असं शिकवलं जातं ते चूक. त्या पक्ष्यांवरून घर गरीब होतं एवढंच निघतं.

पऱ्हाटी
मी तं म्हनतो आकड्याआधी कोंडवाडा सांगा. बैल दुसऱ्याच्या वावरात शिरला, तूर खाल्ली, लोकायनं हाकलत नेऊन कोंडवाड्यात टाकला. मालक येते, दंड भरते, चाऱ्याचे पैसे भरते, दावं सोडते. नाई आला तं लिलाव. बैल सोताचं दावं सोताच्यानं सोडू शकत नाई. आन् मालक सोडवते तो बैल आधीपासून त्याचाच रायते, इकत घेत नाई. पुरा उद्धार आला ना याच्यात.

वर्धाकाठ
पुरा नाही आला, पण सुरुवातीला उत्तम आहे. ‘माझाच होता, तरी पैसे मोजून सोडवला’ ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या उदाहरणात इतकी साफ येत नाही. मोडतं कुठे तेही त्याच तासाला सांगा. कोंडवाड्याचा दंड नियमाने ग्रामपंचायतीकडे जातो, तेव्हा मुलं पुन्हा विचारणार की देवाने दंड कोणत्या पंचायतीत भरला. आणि बैलाला अपराधाची जाणीव नाही, माणसाला आहे.

बैलच हवा असेल तर शास्त्रातलाच घ्या, निर्गम २१. बैल मारका आहे हे मालकाला माहीत होतं, ताकीद मिळाली होती, तरी बांधला नाही आणि त्याने माणूस मारला. बैलाला दगडमार आणि मालकालाही मरणदंड. पण त्याच्यावर कोफेर बसवला तर ठरेल ती रक्कम भरून तो आपला जीव सोडवू शकतो (२१:३०). मेलेला गुलाम असेल तर त्याच्या धन्याला ३० शेकेल. इथे अपराध मालकाचा, जीव मालकाचा, रक्कम त्याच्या जिवाबद्दलची. जुन्या ग्रीक भाषांतरात या कोफेरला ‘लुत्रॉन’चंच अनेकवचन वापरलंय, म्हणून मार्क १०:४५ ची ही सगळ्यात जवळची पार्श्वभूमी. आणि मर्यादाही लक्षात ठेवा. गणना ३५:३१ प्रमाणे खुन्याकडून कोफेर घ्यायचाच नाही. स्तोत्र ४९:७-८ आणखी पुढे जातं. भाऊ भावाला सोडवूच शकत नाही, जिवाची किंमत तेवढी मोठी. येशूच्या वाक्याला धार येते ती इथून. जे कोणालाच परवडत नाही ते तो देतो म्हणतो.

शेवटचा_बाक
मग ‘कोणाला’?

जुनी_पोथी
हा प्रश्न मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्यापासून आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन म्हणाला, सैतानाला. चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी आणखी पुढे गेला. त्याचं चित्र गळाचं आहे. मनुष्यपण हे आमिष, आत देवपण हा गळ, सैतानाने गिळला आणि अडकला. पोरांना हे फार आवडतं, पण देवाने फसवणूक केली असं वाटून राहतं. त्याच काळच्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने दोन्ही वाटा नाकारल्या. लुटारूला मोबदला देणं लाजिरवाणं, आणि पित्याने तरी कैद केलं नव्हतं, मग त्याला कशासाठी?

१०९८ मध्ये कँटरबरीच्या अन्सेल्मने सैतानाला हिशेबातून काढलं. पापाने देवाचा मान बुडतो, तो मान भरून देणं माणसाचं कर्तव्य, आणि भरण्याची ताकद फक्त देवाची, म्हणून देव-मनुष्य. हे सरंजामी युरोपचं गणित आहे, पण आपल्या मंडळ्यांतला ‘त्याने आमची शिक्षा भोगली’ हा सूर त्या वाटेने, पुढे कॅल्विनसारख्या सुधारकांकडून आला. १९३० च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ ऑलेनने उलटा आग्रह धरला की जुन्या मंडळीचा मुख्य सूर विजयाचा होता: ख्रिस्ताने मरण आणि सैतान यांना हरवून बंदिवान सोडवले.

कोणत्याही सर्वमंडळी परिषदेने यातलं एक मत सक्तीचं केलं नाही, हे वर्गात जरूर सांगा. नायसियाच्या मतांगीकारात (चौथ्या शतकातल्या श्रद्धेच्या घोषणेत) ‘आम्हा मानवांसाठी व आमच्या तारणासाठी’ एवढंच आहे, हिशेब मांडलेला नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी झाली, तीही यातला एकच सिद्धांत पकडून नाही.

वर्धाकाठ
‘त्याने आमची शिक्षा भोगली’ हे नुसतं अन्सेल्मच्या पदरात टाकू नका. अन्सेल्म म्हणतो, एक तर भरपाई नाही तर शिक्षा. ख्रिस्ताने भरपाई दिली म्हणून शिक्षा टळली. शिक्षा भोगण्याची भाषा यशया ५३ मध्ये आहे आणि गलतीकर ३:१३ मध्ये शापाची आहे. ती काढून टाकली तर पाठ पोकळ होतो.

जुनी_पोथी
मान्य, अन्सेल्मबद्दल मी दोन टप्पे एकत्र केले. पण ‘चिडलेला बाप आणि मार खाणारा मुलगा’ असं चित्र फळ्यावर उतरता कामा नये. २ करिंथ ५:१९ प्रमाणे ख्रिस्तामध्ये देवच समेट करत होता. पैसा बापाच्याच घरातून निघाला.

वर्धाकाठ
यावर आपलं एकमत आहे. आणि ‘कोणाला’चं उत्तर यातच आहे, दादा. शास्त्रात ‘सोडवणं’ घेणाऱ्याशिवाय होऊ शकतं. निर्गम ६:६ मध्ये देव म्हणतो मी तुम्हाला सोडवीन. फारोच्या हातावर एक शेकेल ठेवला नाही, उलट इस्राएल सोनंचांदी घेऊन निघाले. यशया ५२:३ तर म्हणतं, पैशाविना सोडवले जाल. किंमत म्हणजे सोडवणाऱ्याला काय पडलं. ते कोणाच्या खिशात गेलं हे दर वेळी सांगितलेलं नसतं. १ पेत्र १:१८-१९ बघा: सोन्यारुप्याने नव्हे, तर रक्ताने. किंमत दिली आहे, घेणारा दिलेला नाही. वर्गात एवढंच सांगा, आणि घेणारा शोधायला लागलेल्यांनी पुढे कशाकशात पाय अडकवून घेतला ते निसाच्या ग्रेगरीच्या गळाने दाखवा.

पऱ्हाटी
हे मले पटलं. पुरात माणूस काढला तं काढणाऱ्याची कंबर मोडते, पन पानी काई पावती देत नाई.

रविवारशाळा_ताई
पऱ्हाटी भाऊ, हे फळ्यावर लिहिते मी.

आता गोएल. सोडवणारा नातलग म्हणजे गोएल, आणि माझ्या मते सव्वा तासातला निम्मा वेळ यालाच द्या, कारण भाऊबंदकी आपल्या मुलांना शिकवावी लागत नाही. लेवीय २५ मधले नियम:

शेत कायमचं विकायचं नाही, पुढच्या योबेल वर्षापर्यंतची (दर पन्नासावं, जमिनी मूळ घराकडे परत जाण्याचं वर्ष) पिकं विकायची. फळ्यावर असं मांडा. योबेलला ३० वर्षं आहेत, ३० पिकांचे ३०० शेकेल घेतले. १२ वर्षांनी भाऊ सोडवायला आला. घेणाऱ्याने १२ पिकं खाल्ली, उरली १८. द्यायचे १८० शेकेल. व्याज नाही, चढा भाव नाही. योबेल आलं की फुकट परत.

घराचा नियम वेगळा. तटबंदी शहरातलं घर एका वर्षाच्या आत सोडवा, नाही तर कायमचं गेलं. तट नसलेल्या गावातलं घर शेतासारखं धरायचं, केव्हाही सोडवता येतं. गावच्या मुलांना हा नियम ऐकून बरं वाटतं.

माणूस परक्याला विकला गेला तर कोण सोडवेल तेही लिहिलंय (२५:४८-४९): भाऊ, चुलता, चुलत भाऊ, कुळातला कोणी जवळचा, किंवा हाती पैसा आला तर तो स्वतः.

वर्धाकाठ
यातून गोएलला तीन गोष्टी लागतात: नातं, ऐपत, तयारी. रूथ ४ मध्ये विधवा रूथच्या सासरच्या शेताचा प्रश्न आहे. तिथे सगळ्यात जवळच्या नातलगाकडे पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती. शेत घ्यायला तयार होता. रूथही सोबत येते म्हटल्यावर स्वतःचं वतन बिघडेल म्हणून मागे हटला. त्याच्या मागचा नातलग बवाज, त्याच्याकडे तिन्ही. इब्री २:११-१५ हेच येशूला लावतं: तो त्यांना भाऊ म्हणायला लाजत नाही, रक्तमांसाचा भागी झाला, आणि मरणाच्या भीतीने दास झालेल्यांना सोडवलं. देव मनुष्य का झाला याचं खेड्यात समजणारं उत्तर हेच: नातं नसेल तर सोडवण्याचा हक्कच नाही.

शेवटचा_बाक
रूथ ४ चा प्रवेश करून घेऊ का? वेस, दहा वडील, जोडा काढून देणं.

रविवारशाळा_ताई
करा, दहा मिनिटं पुरतात. दहा वडिलांना दहा खुर्च्या, गावाची वेस म्हणून वर्गाचं दार. पण जोड्याचं आधी समजावून ठेवा. आपल्याकडे भर बैठकीत पायातली चप्पल हातात आली म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, वर्ग हसून कोसळतो. तिथे आपली चप्पल काढून दुसऱ्याला देणं म्हणजे हक्क सोडल्याची खूण, आपल्याकडच्या सहीसारखी. आणि ‘अनुवाद’ पुस्तकातलं (२५:९) वेगळं. तिथे दीराने नकार दिला तर भावजय त्याचा जोडा काढते आणि तोंडावर थुंकते, ती नाचक्की आहे. ही दोन्ही मिसळू नका.

पऱ्हाटी
एक इशारा. कर्जमाफीचं उदाहरण कोणी ना कोणी काढतेच. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंत, २०१९ च्या योजनेत दोन लाखापर्यंत. यादी, अट, आधार, अंगठा. पोट्टे म्हनतीन देवाच्या यादीत आपलं नाव आलं का नाई, आन् वरच्या रकमेचं काय? मंग देवाची माफी बी निकषावर जाऊन बसते.

सातबारा मातर कामाचा हाय. कर्ज फेडलं, बँकेनं पावती देली, पन बोजा कमी केल्याचा फेरफार झाला नाई तं सातबाऱ्यावर इतर अधिकारात बोजा तसाच दिसते. कर्ज नाई, तरी कागदावर कर्जदार. कलस्सै २:१४ च्या हातचिठ्ठीवर हे बसते.

वर्धाकाठ
बसतं, पण उलट दिशेने. तिथला शब्द ‘खैरोग्राफॉन’, ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कबुली. पौल म्हणतो, ती पुसली आणि वधस्तंभाला ठोकली. म्हणजे नोंद शिल्लक राहिलेलीच नाही. शिल्लक राहतो तो माणसाचा समज. बोजा उतरलेला, आणि हा अजून सावकाराच्या दारासमोरून मान खाली घालून जातो. तेवढं सांगायला सातबारा घ्या.

एक शब्द राहिला, आणि तो आपल्याकडे आयता आहे. इफिसकर १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला वतनाचा ‘विसार’ म्हटलंय. आपल्याकडे बोलताना इसार. मूळ शब्द ‘अर्राबोन’, सेमिटिक व्यापारी भाषेतून ग्रीकमध्ये आलेला. गहाण आणि इसार यांतला फरक मुलांकडूनच काढून घ्या. गहाण वस्तू काम झालं की परत जाते. इसार परत जात नाही, तो एकूण रकमेतलाच पहिला हप्ता असतो, आणि त्याने बाकीचा व्यवहार बांधला जातो. फक्त इथे देणारा देव आहे आणि घेणारे आपण.

‘उद्धार झाला की व्हायचाय’ हा नेहमीचा गोंधळ इथे सुटतो. इफिसकर १:७ मध्ये मुक्ती मिळालेली आहे. ४:३० मध्ये मुक्तीच्या दिवसापर्यंत मुद्रा. रोमकर ८:२३ मध्ये शरीराच्या मुक्तीची वाट. इसार झाला, खरेदीची तारीख पुढे आहे.

शेवटचा_बाक
मग क्रम असा धरतो: शब्दांना ५ मिनिटं, कोंडवाडा ५, मारका बैल १०, लेवीय २५ फळ्यावर १५, रूथ ४ चा प्रवेश १० आणि त्यावर चर्चा १०, ‘कोणाला’ १०, इसार १०. गणना ३ घरी करायला देतो. सातबारा आणि इसारपावतीच्या झेरॉक्स आणून वाटाव्या का?

पऱ्हाटी
झेरॉक्स वाटू नका बाप्पा. गावातल्या गावात कोणाचा गट नंबर कोणाचा, पोराले बी पाठ रायते. बोजा कोणाच्या बापावर हाय ते वर्गात दिसंन. कोऱ्या कागदावर रकाने आखा, नाव-गट खोटं टाका. इसारपावतीचा कोरा नमुना दस्तलेखकाकडं भेटते.

रविवारशाळा_ताई
आणि खोटं नाव टाकताना गावात नसलेलं आडनाव घ्या.